रानडुकरांच्या पारधीबाबत कार्यालयाकडून लेखी उत्तर कसे मिळवावे?

प्रश्न : सीनाकाठचा, मोहोळ तालुका

सर्वांना नमस्कार. मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या काठावर आमची वडिलोपार्जित बागायत असून त्यात ऊस, मका आणि थोडी ज्वारी अशी पिके असतात. गेल्या काही हंगामांपासून रानडुकरांचा उपद्रव इतका वाढला आहे की, कणसात दाणा भरू लागला की एका रात्रीत कळप मक्याच्या सऱ्याच्या सऱ्या आडव्या करून जातो. खातो कमी आणि मोडतो जास्त. उसात शिरलेला कळप तर तोडणी लागेपर्यंत बाहेर निघत नाही, आणि टोळीतील माणसेही अशा फडात शिरायला कचरतात.

उपाय सुचवणारे पुष्कळ भेटतात. मला हवे आहे ते सहीशिक्क्याचे उत्तर : रानडुकराच्या पारधीला परवानगी मिळते का, मिळत असल्यास कोणाकडून, आणि कोणत्या अटींवर. याबाबत तोंडी विचारले असता जितकी माणसे तितकी उत्तरे मिळाली. एकाने अर्ज द्या म्हणून सांगितले, दुसऱ्याने अशी परवानगी अस्तित्वातच नाही असे ठणकावले, तर तिसऱ्याने अर्ज देऊन उत्तर आले नाही तर ती परवानगीच समजावी, असे हळूच कानात सांगितले. व्हॉट्सअ‍ॅपवर तर केंद्र सरकारने रानडुकराला उपद्रवी प्राणी ठरवले असून आता कोणीही मारू शकतो, असा मजकूर फिरतो आहे. शेजारच्या एका गृहस्थांकडे पीक संरक्षणाच्या बंदुकीचा परवाना आहे आणि तो परवाना पुरेसा आहे, अशी त्यांची ठाम समजूत आहे.

शेवटी एका कार्यालयात लेखी अर्ज दिला. त्यात 'रानडुकरे मारता येतील का, याबाबत मार्गदर्शन व्हावे' अशी विनंती केली होती. उत्तर आले ते असे की, आपल्या अर्जाच्या अनुषंगाने प्रचलित नियमांनुसार उचित कार्यवाही करण्यात येईल. नियम कोणता आणि कार्यवाही कोणती, हे मात्र त्या पत्रात कुठेच नाही. आणखी एक अडचण अशी की, आमच्या जमिनीचा काही भाग नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत येतो की नाही, याबद्दलही गावात दोन मते आहेत. ज्यांना अशा पत्रव्यवहाराचा अनुभव आहे, त्यांनी कृपया मार्ग सांगावा.


उत्तर : निवृत्त वनपाल, बार्शी

दादा, तुम्हाला आलेल्या पत्राबद्दल आधी बोलतो, कारण अशी पत्रे मी नोकरीत असताना अनेक पाहिली आहेत. 'मारता येतील का' या प्रश्नाला 'हो' असे लिहून खाली सही करणारा अधिकारी तुम्हाला भेटणार नाही, कारण तुमच्या अर्जात गाव आहे, पण गट क्रमांक नाही. प्राणी आहे, पण नुकसानीची तारीख नाही. आणि उद्या तुम्ही ते पत्र खिशात घालून भलत्याच रानात भलताच प्राणी मारलात, तर त्या सहीचा जाब त्यालाच द्यावा लागेल. 'मार्गदर्शन व्हावे' असा शब्द दिसला की टेबलावरचा लिपिक आपोआप 'उचित कार्यवाही' लिहितो. म्हणून अर्जात मार्गदर्शन मागू नका. ज्या निर्णयाचा अधिकार कायद्याने त्या अधिकाऱ्याला दिला आहे, तो निर्णयच मागा.

आता कायदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे, आणि त्या बंदीतून बाहेर पडण्याचा तुमच्या कामाचा दरवाजा म्हणजे कलम ११. या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पूर्वीच्या सहा अनुसूचींच्या जागी आता चार अनुसूची आल्या असून प्राण्यांसाठी पहिली आणि दुसरी महत्त्वाची आहे. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. मी नोकरीत असताना ते तिसऱ्या अनुसूचीत होते, त्यामुळे कोणी तुम्हाला जुना कागद दाखवून 'अनुसूची तीन' म्हणाला, तर तो कागद दुरुस्तीपूर्वीचा आहे हे ओळखा.

दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी विशिष्ट क्षेत्रापुरती शिकारीची परवानगी देऊ शकतो, आणि मालमत्तेत शेतातील उभे पीकही येते, असे कायद्यातच स्पष्ट लिहिले आहे. ही परवानगी लेखी आदेशानेच देता येते आणि त्या आदेशात कारणे नमूद करावी लागतात. हे 'कारणे नमूद' फार महत्त्वाचे आहे. अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे, आणि ती कशावरून पटली हे कागदावर दिसले पाहिजे. ती कारणे त्याला तुम्हीच पुरवायची असतात. नुकसान झाले की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी भरपाईचा अर्ज करून पंचनामा करून घ्यावा, मग भरपाई थोडी मिळो की उशिरा मिळो. पंचनाम्यात पायांचे ठसे, उकरलेली जमीन, मोडलेल्या ताटांचे क्षेत्र या गोष्टी नोंदल्या गेल्या की तुमच्या परवानगीच्या अर्जाला पाया मिळतो. ज्याच्या गटाचा एकही पंचनामा दप्तरी नाही, त्याला परवानगी देताना अधिकारी कारणाच्या जागी काय लिहिणार?

आपल्या राज्यात रानडुक्कर आणि रोही यांच्या बाबतीत प्राधिकृत अधिकारी म्हणून हे अधिकार वनक्षेत्रपालांच्या स्तरापर्यंत खाली दिलेले आहेत. शेतकरी ज्याला पारध परवाना म्हणतात तो हाच. अर्ज मात्र 'वन विभाग, सोलापूर' अशा मोघम नावाने देऊ नका. आपल्या जिल्ह्यात दोन वेगळ्या साखळ्या आहेत. प्रादेशिक वन विभागाचे उपवनसंरक्षक सोलापुरात बसतात, तर माळढोक अभयारण्याचे काम वन्यजीव शाखेकडे असून ती साखळी पुण्याच्या वन्यजीव विभागाकडे जाते. तुमचा गट अभयारण्याबाहेर असेल तर प्रादेशिक वनक्षेत्रपाल आणि आत असेल तर गोष्टच वेगळी. चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज कोणी फेटाळत नाही, तो नुसता पडून राहतो, आणि तुम्ही उत्तराची वाट पाहत बसता.

उत्तर आले नाही म्हणजे परवानगी मिळाली, हे कानात सांगणाऱ्यावर विसंबू नका. एखाद्या परिपत्रकात मुदतीचा उल्लेख असला, तरी परिपत्रक हे अधिनियमापेक्षा मोठे नसते, आणि अधिनियमाचे शब्द 'लेखी आदेश' असे आहेत. प्रकरण न्यायालयात गेले तर तुमच्या हातात आदेश आहे की नाही एवढेच विचारले जाईल.

व्हॉट्सअ‍ॅपच्या मजकुराचे मूळही सांगतो. कलम ६२ खाली केंद्र सरकार दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्याला ठरावीक क्षेत्रात आणि ठरावीक काळापुरता उपद्रवी म्हणून घोषित करू शकते. २०१५-१६ च्या सुमारास बिहारमध्ये रोही आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशात माकडे यांच्याबाबत अशा अधिसूचना निघाल्या होत्या. त्या त्या राज्यातील नेमून दिलेल्या जिल्ह्यांपुरत्या होत्या आणि मुदतीच्या होत्या. केरळनेही रानडुकरासाठी तशी मागणी वारंवार केली, ती केंद्राने मान्य केली नाही. त्या जुन्या बातम्यांवरची तारीख कापून कोणीतरी दर हंगामात हा मजकूर पुन्हा सोडतो. बिहारच्या अधिसूचनेवर मोहोळ तालुक्यात डुक्कर मारता येत नाही.


उत्तर : फौजदारी वकील, सोलापूर

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. काही मुद्द्यांची भर घालतो, त्यातही बंदुकीचा मुद्दा आधी घेतो, कारण माझ्याकडे येणारे पक्षकार तिथेच अडकलेले असतात.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे, हे खरे आहे. ग्रामीण भागात हा परवाना जिल्हाधिकारी देतात, तर सोलापूर शहर हद्दीत पोलीस आयुक्त. परंतु तो परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, प्राणी मारण्याचा नाही. बंदूक वाजवून कळप पिटाळणे आणि कळपावर गोळी झाडणे यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कलम ११ चा आदेश नसताना गोळी झाडली, तर शस्त्र परवाना बचावासाठी उपयोगी पडत नाही. परवान्याच्या अटींचा भंग झाला म्हणून तोही रद्द होण्याची वेळ येते. आपल्या शेजारच्या गृहस्थांना हे नीट समजावून सांगावे.

'शिकार' या शब्दाची कायद्यातील व्याख्याही लोक समजतात त्यापेक्षा बरीच रुंद आहे. मारणे आणि विष घालणे तर त्यात आहेच, पण पकडणे, फास लावणे, सापळा किंवा आमिष ठेवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सर्व शिकारच ठरते. बांधावर तारेचा फास सापडला आणि त्यात काहीच अडकलेले नव्हते, म्हणून गुन्हा घडला नाही, असा युक्तिवाद टिकत नाही. कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडणे हा तर स्वतंत्र आणि अधिक भयंकर प्रकार आहे. रात्री पाणी धरायला निघालेल्या माणसाचाच त्यात जीव जातो. शिक्षेबाबत सांगायचे तर दुसऱ्या अनुसूचीतील प्राण्यासाठी साधारणपणे तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मात्र गुन्हा अभयारण्याच्या हद्दीतील शिकारीचा असेल, अथवा प्राणी पहिल्या अनुसूचीतील असेल, तर किमान तीन वर्षे आणि कमाल सात वर्षे कारावास, शिवाय किमान पंचवीस हजार रुपये दंड. म्हणजे आपला गट अभयारण्याच्या रेषेच्या आत आहे की बाहेर, या एका उत्तरावर शिक्षेची पायरी बदलते.

म्हणून आपण पहिला लेखी प्रश्न हद्दीचा विचारावा, असे माझे मत आहे. माळढोक अभयारण्य १९७९ साली घोषित झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर इतके अवाढव्य होते आणि त्यात गावेच्या गावे, शेते आणि रस्ते सामावलेले होते. पुढे ते क्षेत्र मोठ्या प्रमाणात कमी करण्यात आले. परिणामी वडीलधाऱ्यांच्या आठवणीतील अभयारण्य आणि आजच्या अधिसूचनेतील अभयारण्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि गावातील दोन्ही मते आपापल्या काळापुरती बरोबर असण्याची शक्यता आहे. वाद मिटवेल तो गट क्रमांकांची यादी जोडलेला कागद.

अभयारण्याच्या बाबतीत आणखी एक तरतूद आहे, जी शस्त्र परवानाधारकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते. कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपले नाव मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी यांच्याकडे नोंदवायचे असते, आणि त्या पट्ट्यात नवीन शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. शिवाय कलम ३१ नुसार लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. शेताची पायवाट अभयारण्याच्या तुकड्यातून जात असेल, तर खांद्यावरची बंदूकच गुन्हा ठरू शकते.

आता माहिती अधिकार. बहुतेक लोक उत्तर न मिळाल्याच्या रागात माहिती अधिकाराचा अर्ज ठोकतात आणि त्यातही तोच प्रश्न विचारतात : 'मला रानडुक्कर मारता येईल का?' जन माहिती अधिकारी 'ही माहिती या संज्ञेत बसत नाही' असे लिहून मोकळा होतो, आणि कायद्याने त्याचे म्हणणे बरोबर असते. कलम २(च) मधील माहितीच्या व्याख्येत मते आणि सल्ले हे शब्द आहेत खरे, पण ती मते आधीच कुठल्या तरी अभिलेखात असावी लागतात. अर्जदारासाठी नव्याने मत तयार करून देण्याचे बंधन कार्यालयावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या उत्तरपत्रिकांसंबंधीच्या निकालात हे स्पष्ट केले आहे. म्हणून या अर्जात प्रश्नचिन्ह येऊच देऊ नये. अमुक आदेशाची प्रत, अमुक यादीची प्रत, अमुक नोंदवहीच्या पानाची प्रत, अशी मागणी असावी. कागद हातात आला की त्याचा अर्थ आपण लावू, किंवा वकिलाकडून लावून घेऊ.

महाराष्ट्रातील नियमांनुसार अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये करावा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, आणि लक्षात ठेवावे की अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. हद्दीचा आणि पारध परवान्याचा असे दोन स्वतंत्र अर्ज करणे त्यामुळे शहाणपणाचे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी कलम ६(३) खाली तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. साध्या अर्जाला हे संरक्षण नसते. तीस दिवसांत माहिती न मिळाल्यास किंवा मिळालेली माहिती अपुरी असल्यास पुढील तीस दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे प्रथम अपील करावे, आणि तिथेही समाधान न झाल्यास नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे द्वितीय अपील. आयोगापर्यंत जाण्याची वेळ आली तर तोवर पुढचा मका उभा राहिलेला असेल, हेही सांगून ठेवतो. बहुतेक प्रकरणे प्रथम अपिलाच्या सुनावणीतच निकाली निघतात, कारण तिथे वरिष्ठ समोर बसलेले असतात आणि फाईल मागवली जाते.


उत्तर : माढ्याचा शेतकरी

वकील साहेबांनी आणि काकांनी सांगितले ते कागदोपत्री अचूक आहे, याबद्दल शंका नाही. परंतु परवाना हाती आल्यानंतरचे कोणी बोलत नाही, म्हणून लिहितो. आमच्या भागात परवाना मिळाला, पण तो वापरणार कोण? ठासणीच्या बंदुकीने रात्रीच्या अंधारात, उसाच्या फडात, पळत्या डुकरावर नेम धरणे हे पाटावर बसून जेवण्याइतके सोपे नाही. जखमी डुक्कर माणसावर उलटते. त्यात निवडणूक लागली की आचारसंहितेत बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत कोणती ना कोणती निवडणूक लागलेलीच असते. परवान्याची मुदत सुरू आणि बंदूक ठाण्यात, असाही प्रकार होतो.

मारलेले डुक्कर आपले होत नाही, हेही ध्यानात घ्यावे. पुष्कळांचा उत्साह तेवढ्यावरच मावळतो. मला विचाराल तर भरपाईचे अर्ज नेटाने करत राहणे आणि सौर कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजनेत आपले गाव बसते का, हे विचारणे अधिक फायद्याचे. तेही अर्थात लेखीच विचारावे.


उत्तर : निवृत्त वनपाल, बार्शी

माढ्याच्या भावांचा मुद्दा रास्त आहे, परंतु परवाना वापरायचा नसला तरी मागावा, असे मी म्हणेन. एका गावातून असे अनेक अर्ज पंचनाम्यांसह दप्तरी दाखल झाले, तर त्या क्षेत्रात उपद्रव आहे ही गोष्ट कार्यालयाच्या स्वतःच्या कागदांवर येते, आणि मग कुंपणाचा प्रस्तावही कोणाला सहज बाजूला सारता येत नाही.

मेलेल्या जनावराबद्दल त्यांनी लिहिले ते कलम ३९ चे आहे. कलम ११ च्या आदेशाने मारलेला प्राणी ही शासनाची मालमत्ता असते, आणि जो कोणी अशी मालमत्ता ताब्यात घेईल त्याने अठ्ठेचाळीस तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याकडे कळवावे लागते. मटणाची वाटणी झाली की परवाना असलेला माणूसही आरोपी होतो.


विचारणा : बार्शीचा विद्यार्थी

विषय थोडा बाजूचा आहे, पण विचारतो. आमच्या गावाकडे ससा आणि तितर यांना कोणी वन्य प्राणी समजतच नाही. ते चालते, बंदी फक्त हरणाला आहे, असे सर्रास बोलले जाते. शिवाय काळवीटांचे कळपही ज्वारीत उतरतात. त्यांच्यासाठीही वर सांगितल्याप्रमाणे परवाना मिळतो का?


उत्तर : फौजदारी वकील, सोलापूर

ससा आणि तितर दोन्ही दुसऱ्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे त्यांची शिकार हा गुन्हाच आहे. 'चालते' याचा अर्थ फक्त आजवर कोणी पकडले नाही, एवढाच होतो.

काळविटाचे उत्तर अधिक स्पष्ट आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्या अनुसूचीतील प्राण्याबाबतचा अधिकार एकट्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे, म्हणजे नागपूरला आहे. तोही प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल, तेव्हाच वापरता येतो. पिकाचे नुकसान हे कारण पहिल्या अनुसूचीसाठी कायद्यात नाही. त्यामुळे काळविटाबाबत कितीही कळकळीचा अर्ज केला तरी परवानगी मिळू शकत नाही, आणि तशी ती तोंडी देणाऱ्याने दिली तर तिला काडीचीही किंमत नाही. तिथे भरपाईचाच मार्ग आहे. शेतकऱ्यावर हा अन्याय वाटतो, आणि त्यावर स्वतंत्रपणे बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण विचारलेला प्रश्न कायदा काय म्हणतो एवढाच होता.


प्रश्नकर्ता : सीनाकाठचा, मोहोळ तालुका

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे तीन कागद तयार केले आहेत. देण्यापूर्वी त्यांचा मुख्य मजकूर इथे ठेवतो, कृपया नजरेखालून घालावा.

पहिला, वनक्षेत्रपाल (प्रादेशिक) यांच्याकडे : 'माझ्या मालकीच्या खालील गटातील मका पिकाचे रानडुकरांनी नुकसान केले असून त्याचा पंचनामा झालेला आहे, प्रत सोबत जोडली आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२, कलम ११ अन्वये सदर गटापुरती रानडुकराच्या पारधीची लेखी परवानगी मिळावी. परवानगी नाकारायची असल्यास तसे कारणांसह लेखी कळवावे. आपण या प्रयोजनासाठी प्राधिकृत अधिकारी नसल्यास, कोण आहेत ते कळवून अर्ज त्यांच्याकडे वर्ग करावा.'

दुसरा, माहिती अधिकाराखाली, वन्यजीव विभागाकडे : 'माळढोक अभयारण्याच्या सध्या अंमलात असलेल्या हद्दीच्या अधिसूचनेची, तसेच तिला जोडलेल्या मोहोळ तालुक्यातील गावे व गट क्रमांकांच्या यादीची साक्षांकित प्रत मिळावी.'

तिसरा, माहिती अधिकाराखाली, उपवनसंरक्षक कार्यालयाकडे : 'रानडुकराच्या पारधीच्या परवानगीसाठी प्राधिकृत अधिकारी नेमल्याच्या अंमलात असलेल्या शासन निर्णयाची किंवा आदेशाची प्रत, आणि असे अर्ज इतके प्रलंबित का राहतात याची कारणे मिळावीत.'


उत्तर : फौजदारी वकील, सोलापूर

पहिला अर्ज उत्तम आहे. नकार द्यायचा तर कारणांसह द्या, हे वाक्य कोणत्याही परिस्थितीत काढू नका. त्या वाक्यामुळे 'उचित कार्यवाही' असे उत्तर देणे कठीण होते. फक्त बंदूक कोण चालवणार आहे, त्याचे नाव आणि शस्त्र परवान्याचा क्रमांक त्यात घाला, कारण परवानगी नावानिशी दिली जाते आणि आपल्याकडे बंदूक नाही असे आपल्या लिखाणावरून दिसते.

दुसऱ्यात बदल नको. तिसऱ्यातील शेवटचा भाग मात्र गाळावा. 'का' हा शब्द आला की ती माहिती न राहता स्पष्टीकरण होते, आणि त्या एका वाक्यावर बोट ठेवून पूर्ण अर्ज परत येईल. त्याऐवजी 'गेल्या आर्थिक वर्षात प्राप्त झालेल्या अशा अर्जांच्या आवक नोंदवहीतील पानांच्या आणि त्यांवर दिलेल्या आदेशांच्या प्रती' मागाव्यात. किती अर्ज आले, किती मंजूर झाले आणि किती नुसते पडून आहेत, हे त्या पानांवरून कोणीही न सांगता दिसेल.


उत्तर : निवृत्त वनपाल, बार्शी

गट क्रमांकापुढे हिस्सा क्रमांकही लिहा आणि चालू सातबारा जोडा. जमीन अजून सामाईक नावावर असेल तर सहहिस्सेदारांची संमती घ्या, नाहीतर एखादा भाऊ उद्या आपले नाव का घातले म्हणून उलट अर्ज देईल आणि तेवढ्यावर प्रकरण थांबेल.

अर्ज दोन प्रतींत न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. शिक्का आत आहे, साहेब आल्यावर देतो, असे म्हणाले तर तिथेच बाकावर बसा. जाणे जमणार नसेल तर पोचपावतीच्या रजिस्टर टपालाने पाठवा. आणि मका पुन्हा मोडला, तर आधीचा पंचनामा झालेलाच आहे म्हणून गप्प बसू नका. नवीन नुकसानीचा नवीन पंचनामा करून घ्या आणि त्याची प्रत पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक लिहून त्याच टेबलावर जोडायला द्या. तक्रार तोंडी नोंदवण्याची वेळ आली, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावरही करता येते. तिथे मिळालेला तक्रार क्रमांक त्याच कागदावर लिहून ठेवा.